मे महिन्याचा वायदा

ही हकीकत लिहायला मी याआधी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी लिहून उठलो. एकदा बहरीनच्या उन्हाळ्यावर लिहिलं, एकदा आमच्या जुन्या ऑफिसातल्या गमतीजमतींवर. दोन्ही लेख इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापून आले आणि लोकांनी फोन करून कौतुकही केलं. त्या दोन्ही लेखांत एक माणूस असायला हवा होता. त्याला मी फार सफाईने वगळलं होतं. आयुष्यभर हिशेब तपासण्याचं काम केलेल्या माणसाला वगळणं चांगलं जमतं.

आता वय झालं आहे, आणि ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस चिपळूणजवळ आपल्या घरात आहे. त्या घरात त्याच्यावर एक ठपका आहे. हातात आलेली नोकरी त्याने फुटबॉलच्या नादापायी सोडली आणि पोरीचं दहावीचं वर्ष चालू असताना संसार उचलून गावी आणला, असं त्याची बायको म्हणते, तिचे भाऊ म्हणतात, आणि तो ऐकून घेतो. ती नोकरी त्याची माझ्यामुळे गेली. एवढं नोंदवायचं आहे. पण ते कसं घडलं हे सांगायचं तर आमचा खजुराच्या बियांचा बाजार आधी सांगावा लागेल.

आम्ही काही मराठी पुरुष शुक्रवारी सकाळी इथे बहरीनमध्ये, अदलिया भागातल्या एका कॅफेत जमत असू. शुक्रवार सुट्टीचा. बायका पूजा, फोन, नाश्ता यांत असत, मुलं झोपलेली असत. आमच्यात एक बँकवाले होते, मुंबईचे, फार हुशार आणि थोडे खडूस. त्यांनी एकदा मोबाईलवर आम्हाला एक परदेशी साईट दाखवली. इंग्लंडची फुटबॉल लीग यंदा कुठला क्लब जिंकणार, याचा तिथे चक्क बाजार भरत होता. प्रत्येक क्लबचा शेअर. क्लब जिंकला तर शेअरचे पूर्ण पैसे, हरला तर शून्य. त्यामुळे भाव पाहिला की लोकांना त्या क्लबची किती आशा वाटते ते लगेच कळतं. बँकवाले म्हणाले, पेपरातले तज्ज्ञ काय वाटेल ते बोलतात, कारण बोलायला काही लागत नाही. इथे माणूस स्वतःच्या पदरचं लावतो, म्हणून भाव खरं बोलतो.

ते वाक्य आम्हा सगळ्यांच्या डोक्यात बसलं. भाव खरं बोलतो.

पैसे लावायचा प्रश्नच नव्हता. या देशात जुगाराला बंदी, आणि रेसिडेन्सीचं कार्ड खिशात घेऊन जगणारा माणूस असल्या भानगडीत पडत नाही. शिवाय आमच्यातल्या अर्ध्यांना बायकोची भीती कायद्याहून जास्त. पण कॅफेवाला प्रत्येक टेबलावर खजूर ठेवायचा, फुकट. त्याच्या बिया आम्ही जमवल्या, धुऊन वाळवल्या आणि त्या आमचं चलन झाल्या. ऑगस्टमध्ये लीग सुरू होताना प्रत्येकाला चहाचा एक पेला भरून बिया. एका शेअरला क्लब जिंकल्यास दहा बिया. कुणी लाल जर्सीच्या क्लबचा शेअर चार बियांना घेतला, म्हणजे त्याच्या मते लालची शक्यता चाळीस टक्के. इतकं सोपं. मे महिन्यात लीग संपली की ज्याच्याकडे सगळ्यात जास्त बिया, त्याला गणपतीत मंडळाच्या पहिल्या आरतीचा मान. बक्षीस म्हणून एवढंच, आणि त्यासाठी साठीतली माणसं लहान मुलांसारखी भांडत.

आता त्याच्याबद्दल. त्याला आम्ही सगळे फोरमन म्हणायचो, इथेही तसंच म्हणतो. तो माझ्याच कंपनीत होता. इमारतींना एसीचे डक्ट बसवणाऱ्या विभागाचा फोरमन. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. ऑफिसात मला साहेब म्हणायचा आणि शुक्रवारी भाऊ. ही अदलाबदल तो कधी चुकायचा नाही. शुक्रवारी कॅफेत साहेब नाही आणि ऑफिसात भाऊ नाही.

बाजारात तो पार बुडीत होता. दरवर्षी पिवळ्या जर्सीच्या एका लहानशा क्लबावर बिया लावायचा, कारण त्याच्या गावच्या कबड्डी संघाची जर्सी पिवळी होती. पिवळ्यांचा भाव कधी एका बीच्या वर गेला नाही. बँकवाले त्याला म्हणायचे, "फोरमन, तुम्ही शेअर घेत नाही, वर्गणी देता."

"मंग वर्गणीच," तो म्हणायचा. "तुमी निळ्याला दिली, निळ्यानं तुमाला साधा नमस्कार तरी केला का?"

बाजार जुना होत गेला तसे त्यात प्रकार वाढले. त्यातला एक वायदा. दोघांनी नोव्हेंबरात हात मिळवायचे की मे महिन्यात अमुक क्लब जिंकला तर तू मला इतके पेले बिया द्यायच्या, नाही तर मी तुला इतके. आज देणं-घेणं काही नाही. पण आखातातल्या माणसांचा वायदा म्हटल्यावर एक नियम लागतो, तो आम्ही पहिल्याच वर्षी केला. जो मे महिन्यात बहरीनमध्ये नसेल त्याचा वायदा बुडाला. कॉन्ट्रॅक्ट संपलं, व्हिसा रद्द झाला, माणूस गेला, तर मागे राहिलेल्याने कुणाकडे मागायचं?

या नियमातून एक गोष्ट आमच्या ध्यानीमनी नसताना जन्माला आली. कुणाचा वायदा घ्यायचा म्हणजे तो माणूस मे महिन्यापर्यंत इथे असणार, असं मानायचं. एका वर्षी पुण्याच्या एका इंजिनिअरने बँकवाल्यांकडे वायदा मागितला. बँकवाल्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुमच्याशी रोखीत करतो." आम्ही हसलो, त्यांच्या खडूसपणावर दोन वाक्यं टाकली. दोन-अडीच महिन्यांत त्या इंजिनिअरचं प्रोजेक्ट गुंडाळलं गेलं आणि तो कुटुंबासह परत गेला. त्या प्रोजेक्टला कर्ज बँकवाल्यांच्या बँकेचं होतं. ते एक शब्द बोलले नव्हते, बोलू शकतही नव्हते. फक्त वायदा घेतला नव्हता.

तेव्हापासून आमच्यात म्हणच पडली: वायदा चालतो तोवर मुक्काम. कुणाच्या कंपनीबद्दल उलटसुलट ऐकू आलं की तो शुक्रवारी येऊन जाणत्या माणसाकडे वायदा मागायचा. थट्टेतच मागायचा, पण समोरच्याचा चेहरा वाचायचा.

त्या वर्षी नोव्हेंबरात दोन गोष्टी एकदम झाल्या. पिवळा क्लब कुणाच्या स्वप्नात नसताना जिंकत सुटला आणि त्याचा भाव दोन बियांवर गेला. फोरमन हवेत होता. आणि आमच्या मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. डक्टचा विभाग नव्या वर्षात बंद होणार, काम बाहेरच्यांना देणार. त्या सगळ्या माणसांची नोकरी सोडतानाची देणी किती होतील याचा मी एकट्याने अंदाज काढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. "नोटीस जानेवारीत. तोवर खलास," असं म्हणून त्याने ओठांवर बोट ठेवलं. मग सहज बोलल्यासारखं म्हणाला की तुमचं रिन्यूअलही जानेवारीतच येतं, नाही का.

मी तेव्हा साठी ओलांडलेली होती. माझा कामाचा परवाना वर्षावर्षाने वाढायचा आणि त्याची सही याच माणसाच्या हातात होती. घरी जायला मी तयार होतो असं मी लोकांना सांगायचो. खरं म्हणजे नव्हतो. मुलगा इथल्याच रिफा शहरात नुकता स्थिरावला होता, पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलेला होता, आणि सकाळी उठून कुठेतरी जायचं आहे ही सवय मला सोडवत नव्हती. हे कारण म्हणून सांगत नाही. काय होतं ते सांगतो.

त्याच आठवड्यात फोरमनला मुहर्रकहून एक नोकरी चालून आली. विमानतळाजवळ एसी दुरुस्तीची लहानशी कंपनी. पगार आमच्यापेक्षा कमी, पण काम बारमाही, आणि व्हिसा ते लगेच आपल्याकडे करून घेणार होते. त्याने रविवारी हो-नाही कळवायचं होतं.

शुक्रवारी तो मला घ्यायला यायचा. माझी गाडी मी विकली होती, त्यामुळे कंपनीच्या पिकअपमधून आम्ही दोघं अदलियाला जायचो. त्या दिवशी तो गाडीत बराच वेळ पिवळ्यांबद्दल बोलला. मग सिग्नलला थांबल्यावर, समोर बघतच, म्हणाला, "भाऊ, मुहर्रकचं तुमाला कळलंच आसंल."

मी हो म्हणालो.

"पगार कमी हाय. बायको म्हणते घ्या. मला वाटतं, इथं इतकी वर्सं काढली, सगळी पोरं माझ्या हाताखाली तयार झाली, उगाच कशाला उठायचं? पन डक्टचं काय काय ऐकू येतंय." सिग्नल सुटला. गाडी चालू करून तो पुढे म्हणाला, "मी तुमाला काय विचारीत नाय. तुमचं तोंड बांधलेलं आसतं, ते मला कळतं. तुमाला अडचनीत टाकनार नाय. मी आज फकस्त वायदा मागनार. बाकी मी समजून घेईन."

यापेक्षा सभ्यपणे कुणी कुणाला वाट काढून दिली असेल असं मला वाटत नाही. मला काही बोलायचं नव्हतं. काही फोडायचं नव्हतं. कॅफेत त्याने मागितल्यावर "आज रोखीत कर" एवढं म्हणायचं होतं, किंवा काहीच न म्हणता चहा प्यायचा होता. तो रविवारी मुहर्रकला हो म्हणाला असता आणि मॅनेजरच्या कानावर काही गेलंही नसतं.

पण कॅफेत पोहोचलो आणि टेबलावर बँकवाले बसलेले दिसले. आमच्या कंपनीचं खातं त्यांच्याच बँकेत. मॅनेजर आणि ते महिन्यातून एकदा एकत्र जेवायचे. मला वाटलं, मी वायदा नाकारला तर फोरमन समजेल तसे हेही समजतील. हे समजले तर ते कुठेतरी बोलतील, आणि बातमी कुठून फुटली हे शोधायला मॅनेजरला अर्धा दिवस लागणार नाही. आता विचार करतो तेव्हा कळतं की हे सगळं मी मनात रचलं होतं. इंजिनिअरच्या वेळी इतकं पोटात ठेवणारा तो माणूस माझ्याबद्दल कशाला बोलला असता? पण त्या क्षणी मला तो मॅनेजरचा डोळा वाटला.

फोरमनने खजूर खाल्ला, बी वाटीत टाकली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "भाऊ, पिवळ्यांवर वायदा. जिंकले तर तुमी मला चार पेले, हरले तर मी तुमाला एक. घेता?"

भाव दोन बियांवर होता, त्या हिशेबाने सौदा बरोबर होता. सगळे माझ्याकडे वळले. डक्टच्या अफवा सगळ्यांनी ऐकल्या होत्या, आणि मी ऑफिसातला जाणता माणूस होतो. फोरमन हसत होता, पण त्याचे डोळे माझ्या तोंडावर होते.

"घेतला," मी म्हणालो.

इथवरचं मी कदाचित स्वतःला कधीतरी माफ केलं असतं. माणूस घाबरतो. पण मी तिथे थांबलो नाही. बँकवाले माझ्याकडे जरा रोखून बघताहेत असं मला वाटलं, आणि माझं 'घेतला' पुरेसं ठाम झालं नाही अशी शंका आली. म्हणून मी हात पुढे करून म्हणालो, "चार कशाला? पाच पेले देतो. मे महिन्यात इथेच मोजून घे."

हा सौदा कधीच पुरा होणार नाही हे टेबलावर फक्त मला माहीत होतं. म्हणून तो मला वाढवता आला. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं, ते मी पाहिलं. मग त्याने सगळ्यांसाठी पुन्हा चहा मागवला आणि परत येताना गाडीत त्याने तो विषय एकदाही काढला नाही. काढायची गरजच नव्हती. भावाने खरं सांगितलं होतं.

रविवारी त्याने मुहर्रकला नाही कळवलं.

त्यानंतरचे शुक्रवार मी काहीबाही कारणं सांगून टाळले. पाठ दुखते, मुलाकडे जायचंय. तेव्हा मी स्वतःला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचो: मी खोटं बोललेलो नाही. खेळातला एक सौदा घेतला. विभाग बंद होणार नाही असं मी कधी म्हणालो?

जानेवारीत नोटिसा निघाल्या. माझं रिन्यूअल झालं.

फोरमन हिशेबावर सही करायला माझ्या टेबलाशी आला. आकडे त्याने बघितले नाहीत. सही करून पेन परत देताना तो हळू आवाजात म्हणाला, "साहेब, तुमालाबी आदी सांगितलं नव्हतं वाटतं कुनी."

तो मला दुसऱ्यांदा वाट काढून देत होता. त्याला काय वाटलं होतं मला ठाऊक नाही. खरंच तसं वाटलं असेल, किंवा माझ्या तोंडून एकदा ऐकायचं असेल.

"नाही," मी म्हणालो. "मला अगदी शेवटी कळलं."

मी खोटं बोललेलो नाही, ही माझी गोष्ट तिथे संपली.

मुहर्रकची जागा तोवर भरली होती. त्याने आणखी दोन-तीन ठिकाणी पाहिलं, पण डक्टवाले एकदम इतके जण बाजारात आल्यावर कुणाला काय मिळणार? पोरीची बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. बाकीचं कुटुंब गावी गेलं, पोरगी व्हिजिट व्हिसावर परीक्षेपुरती राहिली. कुणाकडे राहिली, तर बँकवाल्यांकडे. माझं घर तिच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, माझी बायको तिला लहानपणापासून ओळखत होती. त्याने मला विचारलं नाही. बायको म्हणाली, आपल्याला कसं नाही विचारलं? मी म्हणालो, आपली जागा लहान. निकाल आला तेव्हा पोरगी पास झाली, पण ज्यासाठी ती वर्षभर बसली होती तेवढे मार्क पडले नाहीत. परीक्षेच्या दिवसांत तिला जो घोर लागला होता त्याचाच तो परिणाम, हे कुणी सांगायला नको.

मे महिन्यात लीग संपली. लाल क्लब जिंकला. पिवळे फेब्रुवारीतच घसरले होते. नियमाप्रमाणे फोरमनचा वायदा बुडीत. बाजारात त्याचा कुणी उल्लेखही केला नाही.

जूनच्या सुरुवातीला त्याच्या गावाकडचा एक ड्रायव्हर सुट्टीवरून परत आला आणि माझ्या घरी एक पिशवी देऊन गेला. पिशवीत आठळ्या होत्या. फणसाच्या, उन्हात वाळवलेल्या, राखेत घोळवलेल्या, चांगल्या पेलाभर. बरोबर निरोप होता: खजूर आमच्याकडं नाय, म्हणून आठळ्या पाठवल्या, वायदा पुरा झाला, भाऊंना सांगा.

बायकोला आठळ्या आवडतात. तिने मिठाच्या पाण्यात उकडल्या आणि संध्याकाळी वाटीत घालून माझ्यासमोर ठेवल्या. मी एक सोलली. खाल्ली नाही. ती म्हणाली, किती प्रेमाचा माणूस बघा, एवढं होऊनही आठवण ठेवली. मी म्हणालो, हो, चांगला माणूस आहे. बुडालेला वायदा त्याने पुरा केला होता. आणि तो पुरा करायची वेळच येणार नाही हे ठाऊक असलेला मी, त्याच्यासमोर पाच पेल्यांची फुशारकी मारून बसलो होतो.

पुढे दोन वर्षांनी मी निवृत्त झालो आणि मुलाच्या व्हिसावर रिफात राहायला आलो. त्या साली भारतात गेलो तेव्हा ठरवून चिपळूणला गेलो. घरी सांगितलं, जुना मित्र आहे, भेटून येतो. बसमध्ये मी माझं वाक्य पाठ केलं होतं. सरळ सुरुवात करायची, बसायच्या आधीच बोलायचं, म्हणजे पाहुणचारात अडकायला नको.

पण तो बसस्टँडवरच घ्यायला आला होता, दुचाकी घेऊन. त्याने आता फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं आहे. केस पांढरे झालेत. मला मागे बसवून घेऊन गेला आणि वाटेतल्या प्रत्येकाला ओरडून सांगत गेला, आमचे बहरीनचे भाऊ. दुचाकीवर मागे बसून माफी मागता येत नाही.

घरी त्याच्या बायकोने पोहे केले. मुलगी कॉलेजातून आली, मला नमस्कार केला. बहरीनमध्ये ती माझ्याशी इंग्रजीतच बोलायची, आता गावचं मराठी स्वच्छ बोलते. इकडचं तिकडचं झालं. मग त्याची बायको म्हणाली, राग नसलेल्या आवाजात, इतक्यांदा बोलून गुळगुळीत झालेल्या, "तुम्हीच सांगा भाऊजी. मुहर्रकची नोकरी दारात आली होती. मी पाया पडून सांगितलं, घ्या. तर हे म्हणाले मेपर्यंत कुठं जात नाय. कशावरून, ते सांगेनात. अजून सांगत नाहीत. आपला तो पिवळा क्लब आन त्या बिया. माझे भाऊ म्हणतात ते काय खोटं नाही. फुटबॉलच्या नादानं पोरीचं वर्ष घातलं."

मुलगी बापाकडे पाहत नव्हती, ताटलीकडे पाहत होती.

मला तेव्हा कळलं की त्याने घरात माझं नाव कधीच घेतलं नव्हतं. का, ते उघड होतं. त्या वेळी नाव घेतलं असतं तर बायको बहरीनमध्ये कुणाजवळ तरी बोलली असती, आणि माझी नोकरी गेली असती. नंतर बहुतेक सवयीने घेतलं नाही. त्याने सगळा दोष आपल्या अंगावर घेतला होता आणि त्यात एवढा मुरला होता की आता तो त्याच्या स्वभावाचाच भाग म्हणून घरात धरला जात होता. हे असेच, नादिष्ट.

बोलायची वेळ ती होती. माझं वाक्य तयार होतं. त्याची बायको, पोरगी, दोघी समोर. नेमकं ज्यांच्यासमोर बोलायला हवं त्याच.

फोरमनने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानेच हसून विषय उडवला. "अगं, भाऊ लांबून आलेत. तुजं तेच तेच. भाऊ, सांगा, यंदा कोन?"

आणि मी सांगितलं. लाल क्लबचा भाव साडेचार चाललाय, निळा तीनवर, पिवळे अर्ध्या बीवरसुद्धा कुणी घेत नाही. त्याने मांडीवर थाप मारली. बायको कप उचलून आत गेली. मी दुपारच्या बसने निघालो.

अदलियातला बाजार आता मोडला आहे. बँकवाले कॅनडात मुलीकडे गेले, बाकीचे इकडे तिकडे. पण दर ऑगस्टला, लीग सुरू झाली की माझ्या मोबाईलवर, व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा आवाज येतो. "भाऊ, यंदा कोन?" एवढाच निरोप. माझा मुलगा मला त्या परदेशी साईटवरचे भाव काढून देतो आणि मी ते वाचून दाखवतो. या ऑगस्टलाही दाखवले.

भाव सांगून झाल्यावर दरवेळी मी पुन्हा बटण दाबून धरतो आणि बोलतो. पूर्ण बोलतो, न अडखळता. मग बोट बाजूला सरकवतो आणि ते पुसलं जातं. या वेळी मुलगा बाहेर गाडीत हॉर्न वाजवत होता, तेवढं निमित्त पुरलं. जे बोललो ते असं होतं:

"फोरमन, मी बोलतोय. फोन स्पीकरवर ठेव आणि वहिनींना आणि पोरीला जवळ बोलाव. त्या शुक्रवारी मला सगळं माहीत होतं. तू विचारलंस, न विचारता विचारलंस, आणि मी वायदा घेतला, वर पाचवा पेला लावला, तुझा विश्वास बसावा म्हणून. नंतर टेबलाशी म्हणालो की मला शेवटी कळलं, तेही खोटं. वहिनी, यांनी नोकरी फुटबॉलपायी सोडली नाही. माझ्या शब्दावर सोडली. तुमच्या घरी बसून पोहे खाल्ले तेव्हाही मी हे बोललो नाही. माझं चुकलं. मला माफ कर."